आधी पालक

आइंडहोवनहून निघतानाच वृंदाने ठरवलं होतं, की आज पोराला त्या मंडळातून काढून घरी आणायचं. तिचा नवरा रविकांत एवढंच म्हणाला, "अगं, मोठा झालाय ऋषभ." त्यावर तिने असं काही पाहिलं, की बिचारा ऋषभच्या कॉलेजचं गाव, लायडन, येईपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेरच बघत बसला.

मंडळ म्हणजे गणपतीचं नव्हे हं! कॉलेजच्या मुलांचं, सव्वाशे वर्षांचं. भिंतीवर संस्थापकांचे फोटो, सगळे मिशीवाले. नव्या मुलांनी त्यांची नावं नि मंडळाचा सगळा इतिहास पाठ करायचा, थोरल्यांची कामं करायची, आणि म्हणे यातून जन्माची मैत्री होते! कसली डोंबलाची मैत्री? आपला ऋषभ इथे कोणाकोणाचे बूट पुसत असेल, या विचाराने वृंदाचा जीव तुटत होता.

आज पालकांना तिथे जेवण होतं. अध्यक्ष म्हणवणारा एक ताडमाड पोरगा उठला नि म्हणाला, "पहिल्या दिवसापासूनचा आपला नियम. नवी मुलं वाढतील. शेवटच्या पालकाचं ताट संपेपर्यंत एक घासही खाणार नाहीत. जो खाईल, तो आमचा नाही."

वृंदाने कान टवकारले. अरेच्चा, एवढं सोपं?

ऋषभ बटाट्याचा लगदा वाढत तिच्यापाशी आला. गालफडं बसलेली, डोळे ओढलेले. तिने पर्समधून डबा काढला, सांज्याच्या पोळीचा तुकडा मोडला आणि सरळ त्याच्या तोंडाशी धरला.

"खा रे राजा. एकच घास."

आजूबाजूची बडबड थांबली. अध्यक्षही टक लावून बघू लागला. ऋषभने हातातलं भांडं टेबलावर ठेवलं. आईच्या मराठीला गेली कित्येक वर्षं डचमध्ये उत्तर देणारा हा मुलगा तिचा हात हळूच खाली करून म्हणाला, "आई, आधी तू जेव."

वृंदा गडबडलीच. चिडावं तर कशावर? लग्न झाल्यापासून ती सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभी राहून उरलंसुरलं खात आली होती. 'आधी तू' असं तिला कोणी म्हटलं नव्हतं, रविकांतने नाही, खुद्द ऋषभनेही नाही. आणि हे शिकवलं कोणी, तर या मिशीवाल्यांनी! त्यांना शिव्या द्याव्यात की हात जोडावेत? आणि आपण इतकी वर्षं याला काय शिकवलं? तिला काही म्हणजे काही कळेना.

ऋषभ तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. हळूहळू सगळ्यांची ताटं संपली. वृंदाचं तेवढं तसंच होतं. तिच्यापुढचा लगदा निवून गोळा झाला होता.

मागे कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. तो ऋषभच होता.

वृंदाने डोळे पुसले, काटा उचलला आणि ती भराभर जेवू लागली.