काटा किती चुकतो

आमच्या बाबांसारखा नवरा कुणाच्या वाट्याला येऊ नये, असं मी आईला कितीदा म्हटलं असेल. गॉटहिल्फ राउशर, वजनमाप निरीक्षक. जर्मनीतल्या श्वाबेनच्या डोंगरातले झाडून सगळे खाटीक त्यांना टरकून असायचे. निवृत्त झाले तरी खोड जाईना. घरातला ओव्हन, घड्याळं, पिठाचा काटा, सगळ्यांची तपासणी व्हायचीच. त्यांची पितळी वजनं तळघरात मखमलीच्या पेटीत असायची. त्यांना उघडा हात लावायचा नाही, बोटांचा तेलकटपणा लागला तरी वजन बदलतं म्हणे. लहानपणी मी एक नुसतं उचललं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन टिकलं तर आशा आहे, उतरत गेलं तर नाही. झालं, सगळं घर त्या काट्यावर येऊन थांबलं. दर रविवारी चर्चला निघायच्या आधी आई न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहायची. तिला सारखी हुडहुडी भरायची, म्हणून अंगात जाड लोकरी झगा. बाबा वाकून आकडा वाचायचे आणि झग्याचं वजन वजा करायचे. माझं वजन करतोस की बटाट्यांचं, असं ती त्यांना चिडवायची.

एका रविवारी आकडा फारच उतरला. आईने त्या दिवशी सूपला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर बाबा तळघरात काटा उघडून बसलेले. रिकामा असताना शून्यच दाखवेल, पण माणूस चढला की जास्त भरेल, असा स्क्रू फिरवत होते. माझं डोकंच फिरलं. जन्मभर लोकांचे काटे जप्त केलेत आणि आता हे?

"काटा चुकला तरी चालतं, फ्रीडेरिके," ते मान वर न करता म्हणाले. "किती चुकतो ते आपल्याला माहीत पाहिजे. ती वाढीव आकडा वाचेल, मी खरा वाचीन."

त्यानंतर आकडा हललाच नाही. आईचे गाल बसले, मनगटं काटकुळी झाली, पण काटा जागचा ढळेना. चूक ठरलेली आहे, तेव्हा खरं वजनही टिकलंय, असा बाबांचा हिशेब. बाबा शीळ घालायला लागले, तिच्या आवडीच्या शेंगा लावायला वाफे खणले. त्यांचं ते तोंड बघून आई हसायची. मीही मूर्ख, मलाही ते खरं वाटलं.

शेंगांना फुलं येण्याआधीच आई गेली.

दफन झाल्यावर बाबा म्हणाले, खोटा काटा घरात नको, वजनं लावून पुन्हा खरा करतो. वजनं हाताळायचे हातमोजे आणून टेबलावर ठेवले आणि तळघरातून आणलेली पेटी उघडली. अर्धी पेटी रिकामी होती. मी शेजारीच आईचे कपडे आवरत होते. झगा उचलला तर हाताला ओढ बसली. खिशात रुमालांची गाठोडी होती. इस्त्रीचे पांढरे रुमाल, आणि एकेकात नीट गुंडाळलेलं पितळी वजन. दर रविवारी तिने त्यांच्यासाठी त्यात भर घातली होती.

बाबांनी एक रुमाल सोडला. वजन लख्ख होतं, एकही डाग नव्हता.

"बोट लागू दिलं नाही बघ तिने," ते म्हणाले.

मग त्यांनी ते उघड्या हातात घेतलं आणि कितीतरी वेळ तसंच मुठीत धरून बसले. हातमोजे टेबलावरच राहिले.