मार्तंड मास्तरांची शिकवणी

सिंधूनं गणिताचा पेपर उलगडला आणि पहिलंच गणित पाहून तिला हसू फुटलं. काल संध्याकाळी शिकवणीत सोडवलेलं, आकड्यांसकट तेच! देवच पावला म्हणायचा. तिनं भराभरा उत्तर लिहिलं आणि दुसऱ्याकडे वळली. तेही कालचंच. तिसरंही. पुढचंही कालचंच निघालं आणि तिचा हात थांबला.

नववीचा गणिताचा पेपर मार्तंड मास्तरच काढत, आणि त्यांच्याच ओसरीवर तिची शिकवणी चाले. मोताळ्यात यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

सहामाहीला सिंधू गणितात आपटली, तेव्हा उकंडरावांनी लेकीला बजावलं होतं, "आता नापास झाली तं शाळा बंद. पोरगा पाहून ठेवला मी." मग आईनं मास्तरांच्या हातापाया पडून शिकवणी लावली. आणि काय शिकवलं हो मास्तरांनी! ज्या अपूर्णांकांना पाहून पोरीला घाम फुटायचा, ते त्यांनी तिच्याच मळ्यातल्या वांग्याच्या वाफ्यांवर समजावले. हल्ली ती वाफ्यांना पाणी देतानाही मनात गणितं मांडायची, आणि उत्तर जुळलं की एकटीच खूश व्हायची. आपल्याला येतं, हे तिला नवीन होतं आणि फार लाडकं होतं.

तेच आता खोटं वाटू लागलं. शेजारच्या बाकावर तिची मैत्रीण बना रडकुंडीला आली होती. सिंधूनं मान खाली घालून पेपर पुरा केला.

घंटा झाल्यावर तिनं मास्तरांना मैदानात गाठलं.

"सर, सारी कालचीच गणितं आली."

"मंग? सोडवली ना?" मास्तरांनी आवाज खाली आणला. "कोणाजवळ बोलू नको. तुहा बाप लगीन उरकून टाकीन, म्हणून केलं बाई हे."

"मले येत नव्हतं का, सर?"

मास्तरांनी धोतराचा सोगा सावरला.

"एक नवं गणित घाला मले. आत्ताच."

"खुळी झाली का तू? जाय घरी."

पोरगी हलेना. शेवटी तिला वाटेला लावावी म्हणून मास्तरांनी मॅट्रिकचं एक अवघड गणित घातलं.

"एक मोट हौद तीन तासांत भरते, दुसरी सहा तासांत. दोन्ही चालू हायेत. पण हौद फुटका. भरलेला असला तं चार तासांत रिकामा होते. मंग रिकामा हौद भराले किती वेळ लागन?"

सिंधू मातीतच उकिडवी बसली. बोटानं आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले.

"चार तास."

मास्तर वाकून तिची मांडणी पाहू लागले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अवं पोरी! तुले तं खरंच येते वं!"

सिंधूनं मान वर केली. मास्तरांना मनापासून नवल वाटत होतं. ते पाहिलं आणि तिला रडू कोसळलं.