झोक्यापुरता सुंभ

मुलांनो, डोळे मिटा आणि मनातल्या मनात उलटं चालायला लागा. कमरेला काथ्याने भरलेली पिशवी बांधली आहे. समोर लाकडी रहाट फिरतो आहे. तुमच्या दोन्ही हातांच्या चिमटीतून काथ्या सुटतो आहे आणि तुम्ही मागे सरकाल तसे रहाटाच्या फिरत्या सळ्यांना, म्हणजे चात्यांना, अडकवलेले दोन पेड लांबत चालले आहेत. मान वळवायची नाही. मान वळली की हात ढिला पडतो, आणि हात ढिला पडला की पेड तुटतो. मग मागे झाड आहे, खड्डा आहे की कुणाची म्हैस बसली आहे, हे कळायचं कसं? रहाट फिरवणाऱ्याकडून. त्याचं तोंड तुमच्याकडे असतं. तो "थांब" म्हणाला की थांबायचं.

पंकजाक्षी जन्मभर अशीच चालत आली होती. आताही ती तशीच चालत होती, आणि सुरुवात केली न केली तोच तिची टाच मागच्या लाकडी दारावर धप्पकन आपटली.

"मेलं खुराडं!" ती पुटपुटली.

समोर खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ही खेळ संपल्याची खूण.

"अम्मूम्मा, मी थांब म्हणणारच होते," रहाटावरून आर्द्रा म्हणाली. नात नऊ वर्षांची. ओणमची सुट्टी होती आणि रोज रहाट फिरवणारी कौसल्या सणाला माहेरी गेली होती, म्हणून आज ही.

"तू कशाला म्हणतेस? दारच सांगतंय."

मुहम्मा गावातल्या तलावकाठच्या रिसॉर्टमधली ती माडाच्या झापांची शेड फोटो चांगले यावेत म्हणून बांधली होती, सुंभ वळण्यासाठी नव्हे. मागचं दार कायम कडी लावून बंद. त्यावर एक भलंमोठं छापील चित्र टांगलेलं: माडांखालचं लांबच लांब अंगण आणि त्यात उलटी चालणारी बाई. रोज त्याच अंगणावर पंकजाक्षीची टाच आपटायची.

रहाट तिचाच होता. मुलाने घर वाढवलं तेव्हा अंगण गेलं, रहाट ठेवायला जागा उरली नाही. रिसॉर्टने तो विकत घेतला. पण नुसता रहाट बघायला कोण येणार? मग तिलाही बोलावलं. "रहाट घ्या, आजी फुकट," असं चहाच्या टपरीवरची मंडळी अजून म्हणत. तिचं खरं अंगण एवढं लांब होतं की दुसऱ्या टोकाला पोचलेल्या बाईला "थांब" ओरडून सांगावं लागे. तिथे वळलेल्या सुंभाने होड्या बांधल्या गेल्या, विहिरींतून पाणी निघालं, पायपुसणी विणली गेली आणि बोटीत बसून कुठल्या कुठल्या देशांत गेली.

आणि इथे वळलेला सुंभ? तो संध्याकाळी उकलायचा. उलटा पीळ देऊन पेड सोडवायचे, काथ्या पिंजायचा, पोत्यात भरायचा. दुसऱ्या दिवशी तोच काथ्या, तेच पेड, तीच टाच आणि त्याच टाळ्या. उकललेल्या काथ्यात जीव राहत नाही. तो आखूड होतो, तळहातात सुयांसारखा घुसतो. पंकजाक्षीच्या बोटांना वयाने भेगा पडल्या नव्हत्या इतक्या या दोन वर्षांत पडल्या.

तिचं मागणं एकच होतं. उद्या तिरुवोणम, ओणमचा मुख्य दिवस. दारच्या आंब्याला झोका बांधायचा होता. गेल्या ओणमला मुलाने नायलॉनची दोरी बांधली, तेव्हा आर्द्राच्या तळहातांची सालं निघाली होती. त्या दिवशी पंकजाक्षी म्हणून गेली होती, "पुढच्या वर्षी माझ्या हातच्या सुंभाचा झोका." वर्ष सरलं. गावातली काथ्याची सोसायटी बंद, काथ्या आता तमिळनाडूतून लॉरीने येणार आणि थेट कारखान्यात जाणार. तिच्या हाताला काथ्या लागायचा तो फक्त इथे, आणि इथला काथ्या उकलायचा.

पाहुणे चहाला हिरवळीवर गेले तेव्हा ती व्यवस्थापक शिजूसमोर उभी राहिली.

"शिजू, आजचा सुंभ उकलत नाही मी."

"अम्मे, परत तेच?" शिजूच्या दोन्ही हातांत झेंडूच्या माळा होत्या. "वरून सांगितलंय, माल वाया घालवायचा नाही."

"झोका बांधणं म्हणजे वाया घालवणं का रे?"

"तुम्हाला झोकाच हवाय ना? पाहुण्यांसाठी बांधलाय की तिकडे. पोरीला म्हणावं बस दोन मिनिटं."

"पाहिला. निळी नायलॉनची दोरी. काथ्याच्या शेडसमोर! लाज कशी वाटली नाही रे बांधताना?"

"मी नाही बांधला, इलेक्ट्रिशियनने बांधला," शिजू म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. त्याची आईही एके काळी पंकजाक्षीच्या अंगणात रहाट फिरवायला यायची. त्याने माळा खांद्यावर टाकल्या. "बरं, असं करा. शेवटची एक फेरी. त्यात जेवढा निघेल तेवढा तुमचा. मी बघितलं नाही. पण एकच."

"एक फेरी म्हणजे या दारापर्यंत? त्यात बकरीसुद्धा बांधून होणार नाही."

"मग तुकडे जोडा. गाठी मारा."

"झोक्याच्या दोराला गाठी? पोर बसणार आहे त्यावर, भोपळा नाही टांगायचा!"

"अम्मे, याहून जास्त माझ्या हातात नाही हो." तो माळा सावरत निघून गेला.

पंकजाक्षी खाली बसली. तोंडावर नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. हा हो म्हणाला आणि हातात काहीच पडलं नाही. दोन वर्षं हेच. ये म्हणायचं आणि चालायला जागा द्यायची नाही. वळ म्हणायचं आणि ठेवू द्यायचं नाही. ती पिशवीत काथ्या कोंबू लागली. रागारागाने, पोत्यातला चांगला लांब काथ्या निवडून, मावेल तेवढा आणि त्याच्याहून जास्त.

"एवढा कशाला गं?" आर्द्राने विचारलं.

"हाताला सवय आहे म्हणून."

"एका फेरीत झोका नाही होणार?"

"नाही."

"का?"

"दार आहे म्हणून. किती प्रश्न विचारतेस! चल, रहाटावर बस. आणि आता तरी वेळेवर थांब म्हण. टाच सुजलीय माझी."

ती रहाटापाशी वाकून चात्यांना काथ्या अडकवू लागली. चष्मा नाकावर घसरला होता, घामाने बोटं चिकट झाली होती, एक पेड दोनदा सुटला. मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मांजर असेल. मग पोर धावत आली आणि दांडा धरून बसली.

"सुरू करू?"

"हळू. आधी पीळ धरू दे."

रहाट कुरकुरला. पंकजाक्षी एक पाऊल मागे गेली, मग दुसरं. हातातून काथ्या सुटू लागला. या शेडमध्ये तिची पावलं आपोआप आखूड पडत. आताही पडली. दार आलं असेल म्हणून तिने टाच सावध टेकवली.

टाचेखाली गवत लागलं.

पाठीवर तलावाकडचा वारा आला. डोळ्यांच्या कडेला, दोन्ही बाजूंनी दाराची चौकट पुढे सरकली. त्या छापील चित्राची गुंडाळी एका कोपऱ्यात उभी होती. मान वळवायची नव्हती. तिने समोर पाहिलं. आर्द्रा तोंड घट्ट मिटून रहाट फिरवत होती.

पंकजाक्षीचं पाऊल लांब पडलं. चहाचे कप सावरत पाहुणे बाजूला झाले. निळा झोका डावीकडून मागून आला आणि पुढे निघून गेला. कुठूनतरी शिजू धावत आला.

"अम्मे, अहो, हिरवळीवर कुठे? थांबा!"

"मला नको सांगूस. रहाटावरच्याला सांग."

शिजू शेडकडे वळला, दोन पावलं गेला आणि तिथेच उभा राहिला. तो रहाटाकडे बघत होता, ताणलेल्या दोन पेडांकडे बघत होता. मग पाहुण्यांपैकी एक मुलगा पेडांखालून पळायला गेला, तेव्हा शिजूने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

तलावाच्या पाण्याचा आवाज आता पाठीशी अगदी जवळून येत होता. पंकजाक्षीने वळून पाहिलं नाही. एवढ्या लांबून नातीचा चेहरा स्पष्ट दिसत नव्हता. फक्त ती आजीच्या पाठीमागच्या पाण्याकडे टक लावून बघते आहे आणि तिने अजून "थांब" म्हटलेलं नाही, एवढं कळत होतं.

आर्द्राचा हात भरून आला. रहाट न थांबवता तिने हात बदलला.