मास्तरांची सुई

माझी लेक लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा एकाच जागी. ओळीने ठेवलेल्या डब्यांमधून मोटारसायकल हळू न्यायची, पाय टेकवायचा नाही. ही निम्म्यात पोचली की गाडी फुरफुरायची आणि बंद पडायची. तिसऱ्यांदा असं झालं असतं तर नोकरीवर पाणीच सोडावं लागलं असतं. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने आणायचं काम. लायसन्ससाठी प्रयोगशाळावाले सोमवारपर्यंतच थांबणार होते.

"बाबा, गाडीतच काहीतरी आहे," ती म्हणायची.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणायचो. मी शिंपी. तीस वर्षं लोकांची मापं घेतल्यामुळे दुसऱ्याचं कुठे काय चुकतं ते मला लगेच दिसतं, असा माझा समज. शिवाय दोन महिन्यांपूर्वी मी स्वतः कार्बुरेटर उघडून साफ केला होता. वेगात गाडी झकास पळत होती. तेव्हा दोष हिच्या हाताचाच, हे मी ठरवूनच टाकलं, आणि हिच्या मागे बसलो की दर वळणावर 'ब्रेक' ओरडायचो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बायकोने माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "आधी गाडी मिस्त्रीला दाखवा, मग पोरीला बोला."

मिस्त्रीने प्लग काढला. काजळीने काळाकुट्ट. मग कार्बुरेटर सोडवून त्यातला पितळेचा एक बारीक तुकडा त्याने उजेडात धरला. "हा स्लो जेट. गाडी हळू असली की पेट्रोल यातून जातं. भोक मोठं झालंय, पेट्रोल जास्त येतंय. तार घातली होती का कुणी?"

"तार नाही," मी म्हणालो. "सुई. मशीनची."

"मास्तर, हे हवा मारून साफ करतात. तुम्ही काज करायला घेतलंत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते मीच करून ठेवलं होतं.

नवा जेट बसला. मिस्त्री कान देऊन स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे फिरवत राहिला, आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. माझा जीव भांड्यात पडला. घाईचे कपडे द्यायचे होते म्हणून मी दुकानात परतलो. मिस्त्रीने गाडी फिरवून पाहिल्यावर संध्याकाळी लेकच ती त्याच्याकडून घरी घेऊन आली. रात्री जेवताना तिला सांगायचं ठरवलं होतं. पण दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि न सांगताच उठलो.

सकाळी ती सगळ्या डब्यांमधून सावकाश गेली. पाय टेकला नाही, इंजिन साधं खोकलंही नाही. परीक्षकाने कागदावर सही केली तेव्हा माझे डोळे भरून आले.

"पोरी, तुझा हात चांगलाच होता," मी म्हणालो. "जेटमध्ये सुई मी घातली होती."

"माहितीये. मिस्त्रीकाकांनी कालच सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगता का ते बघत होते." तिने किक मारली. "बसा मागे."

मी बसलो. घरापर्यंत एकदाही 'ब्रेक' म्हणालो नाही.