शेऱ्याचा रकाना

"शेऱ्याचा रकाना कुठे गेला?" मी फोनवर एवढ्या जोरात विचारलं की वाचनालयातल्या म्हाताऱ्यांनी पेपर खाली केले.

"नव्या व्हर्जनमध्ये काढलाय, मॅडम. कोणी वापरत नव्हतं," सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस म्हणाला.

"मग मी कोण? बावीस वर्षं शेरे लिहितेय!"

"डेटा आहे, फक्त दिसत नाही."

"आमच्या साहेबांसारखंच की!" म्हणून मी फोन आपटला.

वाचकाचा नंबर टाकला की शेरा लाल अक्षरांत समोर यायचा. 'मोठा टाइप लागतो.' 'शेवट आधी वाचतात, रहस्यकथा देऊ नये.' त्याच्या भरवशावर मी डोकं वापरणं कधीच सोडलं होतं. संगणकाने कात्री चालवली आणि माझी माणसंच मला अनोळखी झाली. रडूच यायला लागलं, खरं सांगते.

त्या तणतणीत नर्सबाई येऊन एक जाडजूड कादंबरी घेऊन गेल्या. निवृत्त बाई, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. चार दिवसांनी कोणीतरी तीच कादंबरी मागितली, तेव्हा मला तिचा शेवट आठवला. त्यातला नवरा शेवटी मरतो. आणि मावशींचे यजमान गेल्यापासून, तीन वर्षं, त्यांच्या नावापुढे माझा शेरा होता: 'मरणाचं पुस्तक देऊ नये.'

काउंटर शिपायाच्या गळ्यात मारून मी धावत सुटले. मावशींनी दार उघडलं. डोळे सुजलेले.

"मावशी, चुकलं हो माझं. त्या मेल्या संगणकाने..."

"गप गं. आत ये." त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "तुझे काका गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं. त्यांचं चहापाणी बघण्यातच दिवस गेले, रडायला फुरसत कुणाला? काल तो पुस्तकातला मेला आणि मी पोटभर रडून घेतलं. झोप काय छान लागली म्हणून सांगू!"

मग त्यांचा आवाज चढला. "पण काय गं, तीन वर्षं नुसती गुळमुळीत पुस्तकं का देत होतीस?"

मी शेऱ्याचं सांगितलं.

"मला विचारलंस कधी?"

मी जीभ चावली. बाई हसायला लागल्या, मग मीही. दोघी इतक्या हसलो की शेजारीण डोकावून गेली.

परत आल्यावर मी एक दोनशे पानी वही काउंटरवर ठेवली. ज्याने त्याने आपला शेरा आपणच लिहायचा! झुंबड उडाली. शिंपीकाकांनी लिहिलं, 'काहीही चालेल, फक्त नवं पुस्तक शेजाऱ्याच्या आधी मला.' सदा करवादणाऱ्या हेडमास्तरांनी इकडेतिकडे बघत लिहिलं, 'प्रेमकथा. कव्हर घालून.'

संध्याकाळी मावशी आल्या. चष्मा लावला आणि वळणदार अक्षरांत सावकाश लिहिलं: 'आता कोणी मेलं तरी चालेल.' वही मिटता मिटता पुन्हा उघडली आणि पुढे एक शब्द घातला: 'पुस्तकात.'