ऑरिन ब्राटेनचं मत

नवरा-बायकोच्या लिफाफ्यांची अदलाबदल झाली की कोल्टर काउंटीच्या निवडणूक कचेरीत एक ठरलेला विनोद व्हायचा. आर्लिस ब्राटेन दोन्ही लिफाफे वर धरून म्हणायची, "या घरात टेबलावर भांडण झालेलं दिसतंय!" इथे मतदान टपालाने होतं. मतपत्रिका घरी येते, माणूस स्वयंपाकघरात बसून ती भरतो, आपलं नाव छापलेल्या लिफाफ्यात घालतो आणि मागे सही करतो. ती सही जुन्या सहीशी जुळते का, हे बघायचं काम आर्लिसचं. एकोणीस वर्षं ती अख्ख्या काउंटीच्या सह्या बघत आली होती. कुणाचा हात मोडलाय, कुणाची दारू सुटली, कुणाचं लग्न मोडलं, हे तिला सहीवरून कळायचं. कळलेलं ती कुणाला सांगायची नाही, एवढी ती भली.

कचेरीतल्या माणसांच्या घरचे लिफाफे मात्र अधिकारी स्वतः तपासते, आणि तेही सगळ्यात शेवटी. म्हणून नोव्हेंबर अर्धा सरल्यावर कोरीन श्मिटने तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. कोरीन तिच्या निम्म्या वयाची, पण कचेरीची मुख्य तीच. टेबलावर दोन लिफाफे होते. एकावर छापलेलं नाव आर्लिसचं, सही तिच्या नवऱ्याची, ऑरिनची. दुसऱ्यावर नाव ऑरिनचं, सही आर्लिसची.

ऑरिनला जाऊन चोवीस दिवस झाले होते.

"तुम्हाला मी काय सांगायचं," कोरीन म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला सांगितलं असतंस तेच सांग."

"मरणाआधी टाकलेलं मत आपण मोजतो. पण ऑरिनच्या लिफाफ्यावर त्यांची सही नाही, आणि चूक दुरुस्तीचा अर्ज भरायला ते नाहीत. तो लिफाफा बाद. तुमच्या लिफाफ्याचा अर्ज तुम्ही भरू शकता. सोमवारी पाचपर्यंत."

"अगं, माझ्या लिफाफ्यात त्याचं मत आहे."

"आत काय आहे ते कायदा विचारत नाही, आर्लिस. लिफाफा तुमचा, पेटीत टाकलात तुम्ही. अर्जात तेवढंच विचारलंय."

आर्लिसने लिफाफा न उचलता सहीकडे पाहिलं. शेवटची अक्षरं खाली घसरली होती. रागात केलीय, तिने मनात म्हटलं.

राग होताच. त्या दिवशी टेबलावर खरंच भांडण झालं होतं, आणि ते रुग्णवाहिकेवरून. गावातली रुग्णवाहिका उन्हाळ्यात बंद पडली होती. आता आलीच तर साठ मैलांवरच्या इस्पितळातून यायची. ती परत सुरू करण्यासाठी जमिनीवर थोडा कर लावावा, असा ठराव मतपत्रिकेच्या तळाशी होता. ऑरिनने फाटकापाशी पाटी ठोकली होती, 'आणखी कर नको', आणि बायको मात्र ठरावाच्या बाजूची. एका घरात दोन पक्ष म्हणून गाव हसायचं. टेबलाशी तो पेनचं बटण टक्‌-टक् दाबत बसला होता. आर्लिस वैतागून म्हणाली, "उद्या तूच आडवा पडशील अंगणात, आणि गाडी येईपर्यंत मी तुला तुझी ती पाटी वाचून दाखवीन."

"वाच की. मोठ्याने वाच," तो म्हणाला आणि मतपत्रिकेवर हात आडवा धरला. चाळीस वर्षांत त्याने तिला आपलं मत कधी दाखवलं नव्हतं. दाखवायची गरजही नव्हती, तो ते फाटकावर ठोकायचा.

दोन दिवसांनी छातीत कळ येऊन तो ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पडला. गाडी यायला बावन्न मिनिटं लागली. आर्लिस सगळा वेळ त्याच्याशी बोलत होती, पण तो पहिली दहा मिनिटंच ऐकत होता. जे बोलले तेच घडलं, हे ती कुणाला सांगू शकली नाही. पाद्रीबाबांनाही नाही.

आता मोजणी अशी होती: ठरावाला हो चारशे बारा, नाही चारशे अकरा. उरले तीन लिफाफे. दोघांनी अर्ज भरून दिले होते, तिसरा आर्लिसचा. ते दोघे एक इकडे, एक तिकडे गेले असं धरलं, तर ऑरिनच्या मताने बरोबरी व्हायची, आणि बरोबरी म्हणजे ठराव पडला. तिचं स्वतःचं 'हो' तर नवऱ्याच्या लिफाफ्यात बसून बाद झालं होतं. म्हणजे अर्जावर सही करायची ती ऑरिनच्या हट्टासाठी, आणि तीही आपल्या नावाने. गाडी पुन्हा साठ मैलांवर. उद्या दुसरी कुणी बाई शेडमध्ये गुडघ्यांवर बसलेली.

सही न करणं किती सोपं होतं! काही करायचंच नाही. सोमवारचे पाच वाजू द्यायचे, बस्स.

त्या शनिवारी भर दुपारी ती घरी भांडी पुसत होती आणि टेबलाकडून आवाज आला. टक्‌-टक्. मागे वळली तर खुर्ची रिकामी. आर्लिसचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, चर्चमध्ये नेमाने जाणारी बाई ती. पण कान तर तिचेच होते. तिने टेबलाखाली पाहिलं, नळ घट्ट केला, घड्याळ भिंतीवरून उतरवून उशीत गुंडाळलं. टक्‌-टक्. रविवारी प्रार्थनेहून आली, तर अंगातला कोट काढायच्या आत आवाज सुरू.

"काय हवंय तुला?" ती ओरडली. "जिवंत होतास तेव्हा ऐकलं नाहीस, आता मी ऐकायचं? ज्या गाडीवाचून मेलास, तिच्यावरच पुन्हा पाणी सोडू म्हणतोस?"

ती त्याच्या खुर्चीसमोर बसली आणि पोटभर रडली. खुर्चीत कुणी बसल्यासारखं तिला वाटत राहिलं, आणि त्याची तिला भीती नाही, लाज वाटली. एकोणीस वर्षं तिने परक्या माणसांना फोन करून गळ घातली होती, 'एवढी सही करा हो, तुमचं मत वाया जाईल.' तिच्या बाजूचं मत आहे का, हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि आता स्वतःच्या नवऱ्याचा आवाज ती लिफाफ्यात कोंडून मारणार होती. बावन्न मिनिटं त्याच्या मदतीला कुणी आलं नव्हतं, तेवढं पुरे नव्हतं का?

सोमवारी पाचला वीस मिनिटं असताना तिने कोरीनच्या टेबलावर सही केली.

"खात्री आहे?" कोरीनने विचारलं.

"नाही. घे तो कागद, नाहीतर फाडून टाकीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांच्या मोजणी मंडळाने शेवटचे लिफाफे उघडले. पत्रिका उलट्या काढून आधी एकमेकींत मिसळतात, म्हणजे कुणाची कोणती ते कळू नये. आर्लिसला आत बसायची मुभा नव्हती. ती बाहेर बाकावर बसली होती. फाटकावरची पाटी आज काढायची की ठेवायची, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

कोरीन जवळजवळ धावतच बाहेर आली. "झाला! ठराव झाला, आर्लिस! चारशे पंधरा, चारशे अकरा!"

आर्लिसने बोटांवर काहीतरी मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"तिन्ही?" ती म्हणाली.

कोरीनच्या तेव्हा लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला. मत गुप्त राहावं म्हणून इतका आटापिटा, आणि तीनही पत्रिका एकाच बाजूला गेल्यावर लपायला जागाच उरली नव्हती.

"तुमच्यासाठी दिलं असेल त्यांनी," ती हळू आवाजात म्हणाली. "शेवटी तुमचं ऐकलं, आर्लिस."

"माझ्यासाठी?" आर्लिसचा आवाज चिरकला. "चाळीस वर्षांत त्याने माझ्यासाठी साधी टोपी बदलली नाही. त्याला दुखत होतं, कोरीन. तेव्हाच दुखत होतं. तो घाबरला होता, आणि मी शेजारी बसून त्याला टोमणे मारत होते."

कोरीन तिच्याजवळ बाकावर बसली. आतून मंडळाची माणसं हसत बाहेर आली, आणि या दोघींना बघून पुन्हा आत गेली.

"एक शब्द बोलला असता ना," आर्लिस म्हणाली, "तर त्याच क्षणी त्याला मोटारीत घालून मी स्वतः साठ मैल नेलं असतं. मला काय, रस्ता माहीत होता."