दहा दिवसांचा कोर्स

घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू मुळात मूर्ख आहे, हे मी सव्वीस वर्षं कंठशोष करून सांगतेय. बाकीचे जंतू औषधांना पुरून उरायला शिकले, शेफारले, डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळवायला लागले. हा मात्र अजून साध्या पेनिसिलिनने मरतो. त्याच्या खापरपणज्या जशा मेल्या तसाच आजही मरतो. अट एकच, गोळ्या दहा दिवस घ्यायच्या. आणि माणूस नावाचा शहाणा प्राणी त्या चौथ्या दिवशी बंद करतो, कारण ताप उतरलेला असतो.

मी एका प्रयोगशाळेत जंतूंच्या विभागात काम करते. पेशंटच्या घशात कापसाची काडी फिरवायची, ती मेंढीचं रक्त घातलेल्या लालभडक प्लेटवर ओढायची, प्लेट रात्रभर इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायची आणि सकाळी उजेडासमोर धरायची. स्ट्रेप असला की टाचणीच्या डोक्याहून लहान ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती एक आरपार वर्तुळ. तिथल्या तांबड्या पेशी त्याने फोडलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर मण्यांच्या माळाच माळा. दिसायला गोजिरवाणा आहे मेला.

काडी फिरवण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो: कुठली गोळी घेतली आहे का? दोन-चार गोळ्या पोटात गेल्या असल्या तरी जंतू अर्धमेला होतो आणि प्लेटवर वाढत नाही. घशात मात्र तो टिकून राहू शकतो. म्हणजे रिपोर्ट खोटा. हा प्रश्न फॉर्मवर छापून घ्यायला मी साहेबांशी दोन वर्षं भांडले होते. विभागात कुणी तो रकाना कोरा सोडला तर मी असं झापते की बिचारी दुपारचा डबासुद्धा घशाखाली उतरवू शकत नाही. मी चिडकी आहे, हे मला ठाऊक आहे. पण मी चिडते त्यात चूक काय, हे मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही.

माझी धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहते. तिची मुलगी अकरा वर्षांची. एका जागी पाय ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. बहिणीच्या नवऱ्याला मी जावईबापू म्हणते. माणूस सज्जन, पण घरात वाद सुरू झाला की त्याला नेमकी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायची आठवण होते. त्यांच्याकडची निम्मी झाडं पाणी जास्त होऊन कुजली, यावरून काय ते समजा.

भिंगरीचा घसा पहिल्यांदा धरला तेव्हा प्लेट मीच लावली. स्ट्रेप निघाला. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पंधरवड्याने मी धाकटीकडे गेले होते. बोटाला सुरी लागली म्हणून पट्टी शोधायला कपाट उघडलं, तर बिस्किटांच्या जुन्या डब्यात भिंगरीच्या गोळ्या. अर्ध्याहून जास्त तशाच. शिवाय खोकल्याच्या, पोटाच्या, कुणाच्या तरी दाढेच्या, सगळ्या अर्धवट पाकिटांचं संमेलन भरलेलं.

"हे काय आहे?"

"बरी झाली ना ती," धाकटी म्हणाली. "उगाच कशाला पोरीच्या पोटात औषधं ढकलायची? ठेवल्यात जपून. पुन्हा लागल्या तर असाव्यात घरात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, ताप उतरला म्हणजे जंतू मेला असं नाही! तो दडून बसतो. त्याच्या अंगावर आपल्याच शरीरात सापडतं तसल्या द्रव्याचं पांघरूण असतं, म्हणून आपल्या शरीरातल्या शिपायांना तो घरचाच वाटतो. पुढे ओळखला तरी पंचाईत. कारण त्याच्या अंगावरची लव आणि आपल्या हृदयातल्या काही गोष्टी यांचा तोंडवळा मिळताजुळता. मग शिपाई त्याला सोडून हृदयालाच झोडपत बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा कामातून जातात. पोरगी जन्माची दुखणेकरी होईल, कळतंय का तुला?"

भिंगरी दारात उभी होती. ती छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"तिच्यासमोर हे बोलायची काय गरज होती?" धाकटी म्हणाली.

"मग कुणासमोर बोलू? या डब्यासमोर?"

जावईबापू कुंड्यांकडे गेले. शब्दाने शब्द वाढला. लहानपणी मी तिच्या वह्या तपासायचे तिथपर्यंत ती मागे गेली. शेवटी म्हणाली, "ताई, तू तुझ्या प्रयोगशाळेत असशील मोठी. माझ्या घरात माझं मी बघेन." मी चपला घातल्या आणि निघाले. पाच आठवडे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, असं मी येता-जाता स्वतःला ऐकवत होते.

पाच आठवड्यांनी जावईबापू भिंगरीला घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. घसा पुन्हा धरला होता. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासणी सांगितली होती. धाकटी आली नव्हती, आणि ती का आली नाही हे विचारायची मलाही गरज वाटली नाही. त्या सकाळी चाळीस प्लेटा वाचायच्या बाकी होत्या. फॉर्म मीच भरला. गोळी घेतली आहे का, या रकान्यात मी 'नाही' लिहिलं.

विचारलं नाही. नुसतं लिहिलं. विचारलं असतं तर डब्याचा विषय निघाला असता, आणि त्या घराशी कामापुरतं बोलायचं असं मी ठरवलेलं. शिवाय मी इतकं बोलल्यावर त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप आहे, असा माजही होता.

"मावशी, आईने ना..." भिंगरी म्हणाली.

"आ कर. बोलू नकोस," मी म्हटलं आणि काडी फिरवली.

जावईबापूंनी खाकरल्यासारखं केलं, मग घड्याळाकडे बघितलं आणि तिला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडासमोर धरली. एकही वर्तुळ नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. 'स्ट्रेप्टोकॉकस वाढला नाही' असा रिपोर्ट केला आणि सही ठोकली. साध्या सर्दीच्या जातीचं काहीतरी असेल, औषधाची गरज नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याचं कळलं. मला तर बरंच वाटलं. आपल्या ओरडण्याचा उपयोग झाला म्हणायचा, असंही मनात येऊन गेलं.

तीन आठवडे झाले आणि डॉक्टरीणबाईंचा थेट विभागात फोन आला.

"तुमच्या भाचीचा उजवा गुडघा सुजला होता, तो उतरला तर डावा घोटा सुजला. आता मनगट. छातीत आवाज येतोय, तो मला आवडलेला नाही. रक्तात स्ट्रेपविरुद्धच्या प्रतिद्रव्यांचा आकडा भलताच वर आहे. पण तुमचा रिपोर्ट तर निगेटिव्ह. काडी नीट फिरली होती ना?"

"काडी नीटच फिरते माझी," मी फणकारले. फोन ठेवला आणि फायलीतून फॉर्म ओढून काढला. रकान्यात माझंच अक्षर. वळणदार 'नाही'. मी तिथेच स्टुलावर बसले.

दुपारच्या सुट्टीत धाकटीचं दार वाजवलं. तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. भिंगरी कोचावर पडून होती, मनगटाला कापड गुंडाळलेलं. आम्ही स्वयंपाकघरात गेलो.

"काडी फिरवायच्या आधी तिला गोळी दिली होतीस?"

धाकटीने ओट्यावरचं फडकं उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. "चार दिल्या. आदल्या दिवशी तीन, सकाळी एक. डब्यातल्याच."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुला? म्हणजे तू पुन्हा माझ्या लेकीसमोर माझे वाभाडे काढायला मोकळी! यांनाही बजावलं होतं, ताई आपणहून विचारेपर्यंत बोलू नका. विचारलं तर मात्र खरं सांगा. तू सगळ्या जगाला विचारतेस ना? तुझं ते फॉर्मचं पुराण आम्हाला पाठ आहे. मला वाटलं, विचारशीलच." तिचा आवाज फाटला. "तू काही बोलली नाहीस, रिपोर्टही चांगला आला. मला वाटलं, गोळ्यांनी काही बिघडत नसेल."

माझं तोंड उघडलं होतं. वाक्यं तयार होती, चांगली धारदार. पण ती कुणावर सोडायची? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तो पाषाण तिच्या ओट्याला टेकून उभा होता.

"मी विचारलंच नाही," मी म्हटलं. "न विचारता 'नाही' लिहिलं. पोरगी सांगत होती, तिला गप्प केलं."

धाकटी माझ्याकडे वळली. "म्हणजे तुझी चूक?"

"हो. माझी. आणि मला भीती वाटतेय गं."

चाळिशी-पन्नाशीच्या आम्ही दोघी त्या अरुंद ओट्यापाशी एकमेकींना धरून रडलो, तेही आवाज न करता, कोचावर ऐकू जाईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात भिंगरीच्या छातीवर गार जेल लावून सोनोग्राफी झाली. पडद्यावर तिच्या हृदयाची झडप दिसत होती, दोन पातळ पाकळ्या, उघडतायत, मिटतायत. नीट मिटत मात्र नव्हत्या. मिटल्यावरही फटीतून उलट वाहणाऱ्या रक्ताची एक रंगीत चिळकांडी मागे येत होती. या जंतूला मी हजारो वेळा बघितलंय, ठिपका म्हणून, माळ म्हणून. तो दुसऱ्या टोकाला काय करून ठेवतो, ते मी पहिल्यांदा बघत होते, आणि नेमकं आमच्या पोरीच्या छातीत.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना खोलीत बसवलं. "गळती थोडी आहे. पुन्हा स्ट्रेप झाला नाही तर कमी होण्याची बरीच आशा आहे. पुन्हा झाला तर मात्र प्रत्येक वेळी झडप आणखी बिघडेल. म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी, न चुकता."

"किती दिवस?" धाकटीने विचारलं.

"दहा वर्षं तरी."

खोलीत कुणीच कुणाकडे बघितलं नाही. दहा दिवस आमच्याने झाले नव्हते.

"डॉक्टर, तो रिपोर्ट माझ्यामुळे चुकला," मी म्हटलं. "तिला गोळ्या दिलेल्या होत्या. मी विचारलं नाही."

"आणि मी सांगितलं नाही," धाकटी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि भिंगरीकडे वळल्या. "गुडघा पहिल्यांदा कधी दुखला गं?"

"बारा दिवस झाले."

"बारा?" धाकटी उडालीच. "मला तर चार दिवसांपूर्वी सांगितलंस! तेसुद्धा लंगडायला लागलीस तेव्हा!"

"आधी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस मावशीमुळे, आणि मावशी म्हणाली असती तुझ्यामुळे," भिंगरी म्हणाली. तक्रारीचा सूरही नव्हता. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं तिने. "मला वाटलं, आपोआप थांबेल."

आठ दिवस पोरगी सुजलेला गुडघा घेऊन शाळेचे जिने चढत होती, आमचं भांडण होऊ नये म्हणून. जंतूला मूर्ख म्हणणारी मी खुर्चीच्या कडेला बसून राहिले.

"यापुढे घसा जरा जरी खवखवला तरी त्याच दिवशी सांगायचं," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "कळलं?"

"कुणाला सांगायचं?"

"घरात सगळ्यांत कमी कोण ओरडतं? त्यांना."

भिंगरीने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. "मग बाबांना सांगेन," ती म्हणाली.

जावईबापू दचकून उभे राहिले. "हो, मला सांग. लगेच सांग. मी कुठे जाणार नाही."

जन्मात एकमत न झालेल्या आम्ही दोघी बहिणी एकाच वेळी खाली बघायला लागलो. मग मला राहवलं नाही. "मला पण सांगशील का गं? मी नाही ओरडणार."

"खरं?"

"खरं."

तिने थोडा विचार केला. "आधी बाबांना सांगते," ती म्हणाली. "मग बघू."

नर्स इंजेक्शनचा ट्रे घेऊन आत आली. ते इंजेक्शन फार दुखतं, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मी हात पुढे केला होता. भिंगरीने तो बघितला, आणि वडिलांचा हात धरला.